आपलं पाऊल आपल्याच बोटांनी ओळखा

पाय दुखतो म्हणून दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवा. आणि इथेच बहुतेकांचा हात तळव्यावरून नुसता फिरत राहतो. माझंही तसंच झालं होतं. सहा महिने मी "टाच दुखते" एवढंच सांगत होते आणि कुणी सुचवल्या म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घेत होते. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने माझंच बोट धरून टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला एका जागी दाबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सगळं दुखणं शेंगदाण्याएवढ्या जागेत होतं. त्या दिवसापासून मी पाऊल नीट शिकले. पुस्तकातल्या चित्रांपेक्षा स्वतःच्या पायावर बोट ठेवून ते जास्त लवकर कळतं. ती पद्धत इथे क्रमाने देते.

रात्रीची जेवणं उरकल्यावर अर्धा तास काढा. पाय धुऊन पुसा, खुर्चीवर बसा आणि एक पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या. चांगला उजेड हवा आणि हाताशी एक काजळपेन्सिल. सापडलेल्या जागेवर तिने ठिपका द्यायचा. खूण स्पष्ट उमटते आणि साबणाने जाते.

आधी एक हिशेब. एका पावलात २६ हाडं असतात: घोट्याखालच्या मागच्या भागात ७, मधल्या लांबट पट्ट्या ५ आणि बोटांमध्ये १४. अंगठ्याला दोनच पेरं, बाकी चार बोटांना तीन-तीन, म्हणून चौदा. दोन्ही पावलं मिळून ५२ होतात आणि अख्ख्या शरीरात हाडं आहेत २०६. म्हणजे शरीरातली चौथा हिस्सा हाडं घोट्याच्या खाली आहेत. इतकी हाडं कशाला, तर खडबडीत जमिनीवर पाऊल टेकताना ते मऊ पडून जमिनीचा आकार घ्यायला हवं आणि पुढच्याच क्षणी ढकलून पुढे जाताना ताठ व्हायला हवं. एकाच सलग हाडाला ही दोन्ही कामं जमली नसती.

पहिली पायरी: घोटे

अंगठा आतल्या घोट्यावर ठेवा, तर्जनी बाहेरच्या घोट्यावर. दोन्ही एका पातळीत नाहीत हे लगेच कळेल. बाहेरचा घोटा थोडा खाली आणि थोडा मागे असतो. गंमत म्हणजे ही हाडं पावलाची नाहीतच. आतला घोटा हे नडगीच्या हाडाचं, टिबियाचं टोक आहे आणि बाहेरचा घोटा हे तिच्याशेजारच्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं. या दोन टोकांच्या चिमट्यात पावलाचं सगळ्यात वरचं हाड बसलेलं असतं. त्याचं नाव टॅलस. पाऊल खाली आणि आत वळवा. बाहेरच्या घोट्याच्या पुढे जो उंचवटा वर येतो तो टॅलसचा.

टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. वरून आलेलं शरीराचं वजन घ्यायचं आणि ते मागे टाचेला, पुढे चवड्याला वाटून द्यायचं, हे त्याचं काम. त्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्या आत शिरायला जागा थोडी उरते. म्हणून टॅलस मोडला तर भरून यायला वेळ लागतो.

बाहेरच्या घोट्याच्या खाली आणि किंचित पुढे बोट दाबा. हाडाच्या कडेला मऊ खळगा लागेल. घोट्यापासून टॅलसकडे जाणारा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, इथून जातो. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि सगळ्यात आधी हाच ताणला किंवा फाटला जातो. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि खूप मजबूत आहे, त्यामुळे तिकडे मुरगळणं क्वचितच होतं.

दुसरी पायरी: टाच

टाचेचं हाड, कॅल्केनियस, पावलातलं सगळ्यात मोठं हाड. मागून वर गेलात तर दोरखंडासारखी जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) लागते, ती अकिलीस टेंडन. पोटरीचे दोन मोठे स्नायू तिच्यात उतरतात. शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत शीर ती हीच. दोन बोटांच्या चिमटीत धरून ती वरपासून खालपर्यंत चाचपा. मधेच कुठे गाठ लागली किंवा तिथे सकाळी ताठरपणा वाटत असेल, तर ठिपका द्या.

आता तळ. टाचेखाली चरबीची गादी आहे, पण ती साधी चरबी नव्हे. चिवट तंतूंचे छोटे छोटे कप्पे करून त्यांत चरबी भरलेली असते, म्हणून वजन पडलं तरी ती बाजूला पसरत नाही. वयानुसार ही गादी झिजते आणि मग फरशीवर अनवाणी चालताना टाचेच्या अगदी मधोमध ठेचल्यासारखं दुखतं.

या गादीच्या पुढच्या कडेला, मध्यापासून किंचित आतल्या बाजूला अंगठा खोल दाबा. तळव्यातला चिवट पट्टा, प्लांटर फॅशिया, इथून निघतो आणि पंख्यासारखा पसरत बोटांच्या मुळापर्यंत जातो. माझं दुखणं इथलंच होतं. टाच दुखते म्हणणाऱ्या बहुतेकांचं बोट अखेर इथेच येऊन थांबतं.

तिसरी पायरी: दोन्ही कडा

आतल्या घोट्यावरून बोट खाली आणि पुढे साधारण इंचभर सरकवा. एक ठसठशीत टेंगूळ लागेल. ते नॅव्हिक्युलर हाड, आतल्या कमानीचा माथा. पोटरीतून येणारा टिबिॲलिस पोस्टिरियर नावाचा स्नायू इथे येऊन कमान वर उचलून धरतो. चाळिशीनंतर एकाच पायाची कमान हळूहळू बसू लागली आणि आतला घोटा सुजू लागला, तर संशय या स्नायूच्या शिरेवर घ्यायचा आणि डॉक्टरांकडे जायला वेळ लावायचा नाही.

बाहेरच्या कडेला काम सोपं आहे. करंगळीपासून टाचेकडे बोट ओढत आणा. निम्म्या वाटेवर हाडाचा टोकदार उंचवटा लागतो. ते पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे मधल्या पाच लांबट हाडांपैकी करंगळीकडच्या हाडाचं बूड. इथे काजळाचा मोठा ठिपका द्या. पाय मुरगळल्यावर हा ठिपका फार उपयोगी पडणार आहे. हा उंचवटा आणि टाच यांच्या मधे क्युबॉइड, आणि नॅव्हिक्युलरच्या पुढे तीन क्युनिफॉर्म. टॅलस आणि टाच धरून मागची सात हाडं इथे पूर्ण झाली.

चौथी पायरी: चवडा

चवडा म्हणजे पाच मेटाटार्सल हाडांची डोकी. एकेक डोकं वरून-खालून चिमटीत धरून वरखाली हलवून बघा. पहिलं हलतं, चौथं-पाचवंही हलतं, दुसरं मात्र जवळजवळ घट्ट. दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड तीन क्युनिफॉर्म हाडांच्या खाचेत पाचरीसारखं बसलेलं असतं. पाऊल ढकलताना हा आधार लागतो, पण त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते. अचानक खूप चालायला लागलेल्या माणसांत बारीक चीर पडते ती बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मेटाटार्सलला. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर सुजलेल्या सैनिकांच्या पावलांबद्दल लिहिलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. आजही या दुखण्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात.

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर पायी जाणाऱ्या नवख्या वारकऱ्याने म्हणूनच निदान दोन महिने आधीपासून चालणं वाढवत न्यावं. फुफ्फुसं आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडाला जास्त वेळ लागतो. चालताना पावलाच्या पाठीवर एकाच हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर तो थकवा मानू नका.

अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या खालून अंगठा दाबा आणि दुसऱ्या हाताने पायाचा अंगठा वरखाली करा. चवळीच्या दाण्याएवढी दोन हाडं सरकताना जाणवतील. ही सेसमॉइड. ती २६ च्या हिशेबात धरत नाहीत. अंगठा खाली दाबणाऱ्या शिरेला ती कप्पीसारखी मदत करतात.

पाचवी पायरी: नाडी

पायाचा अंगठा वर उचला. पावलाच्या पाठीवर एक शीर ताठ उभी राहील. तिच्या लगत, करंगळीच्या बाजूला, दोन बोटं अगदी हलकी ठेवा. जोरात दाबलं तर नाडी दबून जाते. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मधोमध. वरची नाडी काही धडधाकट माणसांतही हाताला लागत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण दोन्ही नाड्या सापडत नाहीत, पाऊल गार पडतं आणि चालताना पोटरी आवळून येऊन थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यायलाच हवा. तंबाखू आणि विडी-सिगारेटवाल्यांनी तर नक्कीच.

सहावी पायरी: कमान

उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. कमान आपोआप उंच होते. प्लांटर फॅशिया अंगठ्याच्या मुळाभोवती गुंडाळला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि मऊ पाऊल ताठ होतं. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसं. हिक्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९५४ साली हे नीट मांडून दाखवलं. प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते तेव्हा हेच घडतं.

मग ओल्या पायाने कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहा आणि ठसा पाहा. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी मध्यम रुंदीची असेल तर कमान मध्यम, पट्टी फारच बारीक किंवा गायब असेल तर कमान उंच, अख्खा तळवा उमटला तर सपाट. गौरी येतात तेव्हा आपण मुठीची कड टेकवून जी पावलं उमटवतो ती उंच कमानीची असतात. सगळ्यांची पावलं तशीच असायला हवीत असं मात्र नाही. सपाट पाय हा आजार नव्हे. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर काहीही करायची गरज नाही. लहान मुलांबाबत हे फार आवर्जून सांगते. कमान हळूहळू तयार होते, पाच-सहा वर्षांपर्यंत पाय सपाट दिसणं स्वाभाविक आहे. न दुखणाऱ्या पायांसाठी चार वर्षांच्या मुलाला महागडे इनसोल घेऊ नका.

पाय मुरगळला तर

आता काजळाचे ठिपके कामाला येतात. मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे कधी काढावा यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली काही नियम मांडले, ते आज जगभर वापरले जातात. चार जागा दाबून पाहायच्या: बाहेरच्या घोट्याची मागची कड आणि टोक, आतल्या घोट्याची मागची कड आणि टोक, पाचव्या मेटाटार्सलचं बूड, आणि नॅव्हिक्युलर. घोट्याच्या कडा टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत चाचपायच्या. यांपैकी कुठेही हाडावर दाबून दुखलं, किंवा मुरगळल्यानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. पायाची संवेदना कमी असलेल्यांना आणि लहान मुलांना हा नियम लावू नका. त्यांना सरळ डॉक्टरांकडे न्या.

मुरगळल्याबरोबर जोडवी आणि पैंजण काढा. सूज चढल्यावर जोडवं निघत नाही आणि बोटाचं रक्त अडतं. पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच, क्रेप बँडेज, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा. शीर चढली म्हणून पाय ओढून घेणं किंवा जोरात चोळून घेणं टाळा. हाडाला चीर असेल तर ती याने सरकू शकते. सूज उतरू लागली की पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा, घोटा सगळ्या दिशांनी फिरतो. आठवड्याभराने भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहण्याचा सराव सुरू करा. हाच भाग लोक सोडतात. अस्थिबंधात तोल सांभाळणाऱ्या संवेदना असतात, त्या परत शिकवल्या नाहीत तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

टाचदुखीसाठी

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखत असेल आणि ठिपका फॅशियाच्या उगमावर असेल, तर दुखणं बहुधा त्या पट्ट्याचं आहे. पाय जमिनीला टेकवण्याआधीच, अंथरुणात बसून, तो पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पाचही बोटं नडगीच्या दिशेने ओढा, १० सेकंद धरा, असं १० वेळा. तळव्यातला पट्टा ताणला गेला आहे हे दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपून बघा. दिवसातून तीन वेळा करा.

दुसरा व्यायाम ताकदीचा. जिन्याच्या पायरीवर चवडा टेकवा, बोटांखाली टॉवेलची घडी ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. कठडा धरा. आधी दोन्ही पायांवर, जमेल तसं एका पायावर. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात आणि मधेच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मला अकरा आठवडे लागले.

एक्स-रेमध्ये टाचेला "हाड वाढलंय" असं दिसलं म्हणून हवालदिल होऊ नका. टाच कधीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांत ते वाढलेलं असतं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा तळव्याला मुंग्या येत असतील, तर मात्र कारण दुसरं असू शकतं आणि तपासणी हवी.

पोटरी आखडलेली असेल तर टाचेवरचा ताण वाढतो. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, आणि पाऊल मागे मागे नेत जा. अंगठा आणि भिंत यांत साधारण १० सेंटिमीटर अंतर राहिलं तरी गुडघा टेकायला हवा. ज्यांना उकिडवं बसताना टाचा उचलाव्या लागतात त्यांचं हे अंतर बहुधा कमी भरतं.

घरात मधुमेह असेल तर

माझ्या मावशीच्या चपलेतून एक चूक (छोटा खिळा) वर आली होती आणि ती दिवसभर त्यावर चालली. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. दुखलंच नव्हतं. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं. बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे जखम होते, तिच्यावरच माणूस चालत राहतो आणि पाऊल झिजतं. मधुमेहात नसा बधिर झाल्या की पावलाचं तेच होतं.

घरातल्या घरात करता येण्यासारखी एक तपासणी आहे, इंग्लंडमधल्या इप्सविच शहराच्या नावाने ती ओळखली जाते. त्या माणसाला झोपवून डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, शेंड्याशी, एक-दोन सेकंद हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा.

अशा पायांची रोज तपासणी हवी. बऱ्याच घरांत रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासायची रीत आहे. त्या वेळेचाच उपयोग करा, आधी तळवा नीट पाहा आणि कातडी शाबूत असेल तरच घासा. घट्ट्याखाली काळसर डाग, बोटांमधली ओल आणि पावसाळ्यातल्या चिखल्या, एकाच ठिकाणी लागणारा गरमपणा, हे शोधायचं. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. पाय शेकायला गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. देवळाच्या तापलेल्या दगडी आवारात मोजे घालून जा. बधिर पायांना चटका कळणार नाही, फोड मात्र येईल.

भेगांचं कारणही रचनेतच आहे. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, तेलाच्या मात्र नाहीत. म्हणून आंघोळीनंतर ओलसर असतानाच जाडसर मलम किंवा कोकमाचं तेल चोळायचं. बोटांच्या बेचक्यांत मात्र काही लावू नका, तिथे ओल साचते.

चपला-बूट निवडताना

संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. घरी आधी कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा, कापा, आणि तो कागद दुकानात बुटाच्या सोलवर ठेवा. कागद कडेला बाहेर येत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग नंबर काहीही असो. मोठं पाऊल धरून नंबर घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात धरून वाकवा: तो चवड्याशी वाकायला हवा, तुमची बोटं जिथे वाकतात तिथे. मधोमध दुमडत असेल तर ठेवून द्या.

कोल्हापुरी चपलेवर माझं प्रेम आहे, पण ती सपाट आणि कडक असते, टाचेला धरून ठेवत नाही. टाच दुखत असताना ती कपाटात ठेवा. बधिर पायांना तर अंगठ्यात अडकवायची कुठलीच चपल नको. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) सोलची सँडल घ्या. आणि पाय घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा, चूक, वळलेली शिवण चाचपा.